सासूबाईंचं वजन

बॅलन्सकाकांच्या स्वभावात बॅलन्स औषधालाही नव्हता. चहात साखर कमी पडली तर ते घर डोक्यावर घ्यायचे, आणि जास्त पडली तरीही घ्यायचे. तरी कारखान्यात मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना बॅलन्सकाकाच म्हणत. त्याला कारण होता मुठीत मावेल एवढा एक लोखंडी ठोकळा.

ठोकळ्याचं पूर्ण नाव काउंटर बॅलन्स व्हॉल्व्ह. कारखान्यात नुसतं 'बॅलन्स'. कारखाना तेलाच्या दाबावर चालणाऱ्या उचलयंत्रांचा होता. गोदामात वर-खाली होणारी टेबलं, मालट्रकच्या मागे लावायचे उचलते फाळके, रस्त्यावरच्या दिव्यांपर्यंत माणसाला नेणारे पाळणे, सगळं तिथे बनायचं आणि बिघडलं की तिथेच परत यायचं. पंप तेल ढकलतो, तेल सिलिंडरमध्ये शिरतं, सिलिंडरचा दांडा बाहेर येतो आणि वजन वर जातं. यात काही विशेष नाही, असं काकांचं ठाम मत होतं.

"चढवायला काय, कोणीही चढवतं," ते म्हणायचे. "उतरवून दाखवा. खरी अक्कल उतरवण्यात आहे."

हे ते दिवसातून अनेकदा म्हणायचे, न विचारता म्हणायचे, आणि बँकेतून तपासणीला आलेल्या माणसालाही त्यांनी हे ऐकवलं होतं. पण बोलणं खरं होतं. वर गेलेल्या वजनाला एकच ध्यास असतो, खाली यायचा. तेलाला वाट दिसली की वजन मागचापुढचा विचार न करता धाडकन येतं. बॅलन्स व्हॉल्व्ह नेमका त्या वाटेवर बसून तेल अडवून धरतो. खाली यायचं असेल तर पंपाने पलीकडच्या बाजूने तेल ढकलायचं. त्या बाजूची एक बारीक नळी व्हॉल्व्हपर्यंत येते आणि त्याला निरोप देते की आता सोड. मग तो सोडतो, तेही बेताबेताने. पंप बंद पडला की धरलं. पाइप फुटला तरी धरलं.

या व्हॉल्व्हचे काकांनी काही कायदे केले होते आणि ते मोडणाऱ्याची ते सालटी काढत. व्हॉल्व्ह बसवायचा तो थेट सिलिंडरला चिकटवून. मधे रबरी पाइप घातला आणि नेमका तोच फुटला, तर व्हॉल्व्ह एकीकडे आणि वजन भलतीकडे. दुसरा कायदा, व्हॉल्व्हची पकड वजन बघून ठरवायची. वजनाने जेवढा दाब येईल तेवढा, आणि वर त्याचा साधारण तिसरा हिस्सा. पकड कमी पडली तर वजन घसरतं. उगाच फार ठेवली तर पंपाला जीव खाऊन ढकलावं लागतं, व्हॉल्व्ह उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो, आणि वजन गचके खात उतरतं. याला कारखान्यात 'धरसोड' म्हणत. आणि तिसरा कायदा असा, की वजन वर असताना व्हॉल्व्हच्या स्क्रूला हात लावायचा नाही. आधी वजन जमिनीला टेकवायचं, मग पाना उचलायचा.

हा स्क्रू म्हणजे एक वेगळीच गंमत होती. साऱ्या जगात स्क्रू आवळला की पकड वाढते. कारखान्यात जे व्हॉल्व्ह येत त्यांचा स्क्रू उलट्या काळजाचा होता. आत आवळला की पकड सुटायची आणि बाहेर सोडला की पकड घट्ट व्हायची. नवा माणूस कामाला लागला की काका त्याला समोर उभं करून म्हणायला लावायचे, "आवळला म्हणजे सोडला, सोडला म्हणजे आवळला." तो माणूस पहिले काही दिवस काकांकडे जरा संशयाने बघायचा.

असे हे काका कारखान्यात ज्याला त्याला धाकात ठेवून घरी यायचे, आणि घरी त्यांच्यासाठी सासूबाई बसलेल्या असायच्या.

घर पहिल्या मजल्यावर. दोन खोल्या, पुढे गॅलरी, खाली शिंप्याचं दुकान, आणि दोघांच्या मधे एक अरुंद, उभा जिना, ज्याला मधेच असं वळण होतं की कपाट वर न्यायचं तर दारं काढून न्यावं लागे. सासरे वारल्यावर सासूबाई लेकीकडे चार दिवस म्हणून आल्या त्या राहूनच गेल्या. घरात त्यांचं वजन फार. पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे, पाहुण्यांना कधी उठवायचं, मीटरवाल्याशी कोण बोलणार, सगळ्याचा निकाल त्या द्यायच्या. काकांना तो मान्य नसायचा. मग भांडण. खिडकी उघडी की बंद यावरून भांडण, रेडिओच्या आवाजावरून भांडण, वर्तमानपत्र वाचून झाल्यावर त्याची घडी कशी घालायची यावरूनही भांडण. काकू, म्हणजे काकांची बायको, मुळातच मितभाषी. दोघांच्या मधे बसून ती भाजी निवडायची आणि फार झालं की म्हणायची, "तुमचं चालू द्या."

त्यांची एकुलती लेक लग्न होऊन दूर गेली तेव्हा घर शांत होईल असं शेजाऱ्यांना वाटलं होतं. सासूबाई आणि जावई यांनी मिळून तसं होऊ दिलं नाही.

पुढे सासूबाईंच्या गुडघ्यांनी संप केला. तोवर त्या रोज दुपारी जिना उतरून शिंप्याच्या दुकानापुढे स्टुलावर बसायच्या, गल्लीच्या बातम्या घ्यायच्या, थोड्या आपल्या घालायच्या आणि मधूनच शिंप्याला सांगायच्या, "मास्टर, काज वाकडं गेलंय." आता त्या गॅलरीत बसून तेच वरून ओरडायच्या. शिंपी मशीन जोरात चालवायचा. हळूहळू त्यांनी ओरडणं सोडलं. मग गॅलरीत बसणंही सोडलं.

हे आधी लक्षात आलं ते काकांच्या. एका सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे कप आपटला. "चहा आहे का पाक?"

सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "असेल."

काका वाट बघत राहिले. पुढे काहीच आलं नाही. त्यांनी कप उचलला, गुपचूप सगळा चहा पिऊन टाकला आणि कामावर गेले. तिथे दिवसभर त्यांनी कुणालाही काही ऐकवलं नाही, तेव्हा मालकाने काळजीने विचारलं, की घरी सगळं ठीक आहे ना.

त्यातच मेहुण्याचा फोन आला. सासूबाईंचा हा मुलगा विमा कंपनीत होता. त्याचं घर तळमजल्यावर, पुढे छोटी बाग. "आईला मी घेऊन जातो," तो म्हणाला. "तिथे दारातून पाऊल टाकलं की बाहेर. पुढच्या रविवारी गाडी घेऊनच येतो." सासूबाईंनी मान हलवली. "जाते," त्या म्हणाल्या. "जावईबापूंना तरी किती त्रास द्यायचा?"

"मला कसला त्रास?" काका एवढ्या जोरात ओरडले की तो त्रासच आहे असं कुणालाही वाटावं. काकांचं हेच दुखणं होतं. आनंद असो, काळजी असो, माया असो, तोंडातून बाहेर पडताना सगळ्याचा आवाज एकच. त्यांना म्हणायचं होतं, जाऊ नका. ते म्हणाले, "जिन्याचीच अडचण आहे ना? मग लिफ्ट बसवतो मी! माझं आयुष्य गेलंय यात!"

सासूबाईंनी बऱ्याच दिवसांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "बसवा," त्या म्हणाल्या. "रविवारपर्यंत चालली तर राहीन. नाही चालली तर मुलाबरोबर जाईन."

गल्लीने याचा भलताच अर्थ लावला. सासूला घालवायची एवढी सोन्यासारखी संधी कोण सोडेल? शिंप्याने काकांना कोपऱ्यात घेऊन डोळा मारला. "जरा ढिलंच ठेवा काका. आपोआप काम होईल." काका लालबुंद झाले, आणि लिफ्ट उभी राहीपर्यंत ते शिंप्याशी एक शब्दही बोलले नाहीत. आता, लिफ्टचा खालचा सांगाडा शिंप्याच्याच भिंतीला ठोकायचा होता, त्यामुळे हा अबोला दोघांनाही फार जड गेला. खिळा कुठे मारायचा हे काका भिंतीला विचारायचे आणि शिंपी छताकडे बघून उत्तर द्यायचा.

मालकाने जुना सिलिंडर दिला, पंप आणि मोटर दिली. कारखान्यातल्या चार जणांनी येऊन रूळ उभे केले, फाळका बसवला, त्याला तिन्ही बाजूंनी कठडा केला आणि त्यात एक फाटक ठेवलं. व्हॉल्व्ह काकांनी स्वतः निवडला आणि सिलिंडरला अगदी बुडाशी चिकटवून बसवला. आता फक्त पकड ठरवायची राहिली. त्यासाठी एकच गोष्ट कळायला हवी होती, सासूबाईंचं वजन.

"तुझ्या आईचं वजन किती गं?" काकांनी काकूला विचारलं.

"तुम्हीच विचारा."

"तू विचार ना. तुझी आई आहे."

"माझी आई आहे म्हणूनच विचारत नाही," काकू म्हणाली आणि भाजीकडे वळली.

जे काका बँकेच्या माणसाला घाबरले नाहीत, ते सासूबाईंच्या खोलीच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आले. मग त्यांनी डोकं चालवलं. कारखान्यातला तोलकाटा उचलून घरी आणला आणि रद्दी तोलायच्या निमित्ताने तो सासूबाईंच्या खोलीत ठेवला. वर्तमानपत्रांचा गठ्ठा तोलून झाल्यावर ते सहज बोलल्यासारखं म्हणाले, "आई, तुम्हीही जरा उभ्या राहता का? गंमत म्हणून."

"मला कशाला तोलता?" सासूबाई म्हणाल्या. "मी काय रद्दी आहे?"

तोलकाटा त्याच पावली परत गेला. काकांनी मग अंदाज बांधला, आणि ज्या माणसाने उभ्या हयातीत कुठलंही वजन अंदाजाने धरलं नव्हतं, त्याची अक्कल इथे साफ गहाण पडली. ते खुर्चीवर बसून सासूबाईंचा विचार करू लागले. ती नजर, तो आवाज. मीटरवाला परत कसा पळाला होता ते. त्यांनी दणदणीत आकडा धरला. मग तो कमी वाटला म्हणून वाढवला. त्यात फाळका घातला, खुर्ची घातली, वरचा तिसरा हिस्सा घातला, आणि शेवटी आणखी थोडा घातला, कारण बाई रागावलेल्या असल्या तर? त्या हिशेबाने सिमेंटची पोती रचून त्यांनी लिफ्ट वर-खाली केली. पोती एवढ्या अलगद उतरली की चार जणांनी शिट्ट्या मारल्या. पोत्यांना अर्थातच गुडघे नव्हते आणि मानही नव्हती.

रविवारी सकाळी मेहुणा आला. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी करून, ड्रायव्हरला थांबायला सांगून तो आत आला. सासूबाईंनी ठेवणीतली शाल काढली होती, केस चापून बसवले होते. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं असावं, पण चष्मा मात्र त्यांनी तीनदा पुसला. गॅलरीतून फाळक्यावर ठेवलेल्या खुर्चीत त्यांना बसवलं. मेहुणा खाली जाऊन उभा राहिला. शिंप्याने मशीन थांबवलं. समोरच्या खिडक्यांत डोकी आली.

"सावकाश येईल हं, आई," काका म्हणाले. त्यांनी बटण दाबलं.

मोटर गुरगुरली. काहीच झालं नाही. मोटर आणखी गुरगुरली, मग खट्ट असा आवाज आला आणि लिफ्ट वीतभर खाली आपटून थांबली. खट्ट, पुन्हा वीतभर. खट्ट, खट्ट. सासूबाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

"जावईबापू! चाळणीत घातलंय का मला?"

काकांनी तो आवाज ओळखला. धरसोड! त्यांच्या हातची लिफ्ट, आणि धरसोड! वजन भरपूर असेल तर व्हॉल्व्हचं अर्धं काम वजनच करतं आणि पंपाने जरासं ढकललं तरी पुरतं. इथे सगळं एकट्या पंपाच्या जिवावर चाललं होतं. मोटर तापली, तिने एक उसासा टाकला आणि ती बंद पडली. लिफ्ट वरच्या आणि खालच्या मजल्याच्या बरोबर मधोमध थांबली. सासूबाईंच्या चपला आता शिंप्याच्या पाटीवरच्या 'उत्तम शिलाई' या शब्दांसमोर होत्या.

"आई, घाबरू नका!" काका गॅलरीतून ओरडले. "बॅलन्सने धरून ठेवलंय!"

"कठड्याला मी धरलंय! तुमच्या बॅलन्सचं काय कौतुक सांगता?"

मेहुण्याला राहवेना. आई अधांतरी लटकलेली, भाऊजी वर हातवारे करतायत, आणि समोर सिलिंडरच्या बुडाशी एक व्हॉल्व्ह, त्याला एक स्क्रू, शेजारीच पाना. त्याने पाना उचलला. काकांनी वरून ते पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. स्क्रू आत आवळला गेला असता तर पकड सुटून सासूबाई एका दमात खाली आल्या असत्या.

"आवळू नकोस!" ते जिना उतरता उतरता ओरडले. "अरे, आवळू नकोस!"

मेहुणा आज्ञाधारक होता. त्याने स्क्रू सोडला.

काका धापा टाकत खाली पोचले. "काय केलंस?"

"नाही आवळला, भाऊजी. तुम्ही म्हणालात म्हणून सोडला."

"सोडलास म्हणजे आवळलास!"

"नाही हो, सोडला. बघा ना, बाहेर आलाय."

"बाहेर आला म्हणजेच आवळला!"

"मग आत घालू का?"

"आत घातलास तर सुटेल!"

मेहुण्याने शिंप्याकडे पाहिलं. शिंप्याने हळूच आपल्या कपाळाला बोट लावलं. "किती फिरवलास?" काकांनी विचारलं. मेहुणा म्हणाला की एक फेरा, किंवा दीड, किंवा पाऊणही असेल. काकांनी त्याच्या हातातला पाना काढून घेतला आणि स्वतःच्या खिशात टाकला. वजन वर असताना स्क्रूला हात नाही म्हणजे नाही. कायदा त्यांनीच केला होता आणि आज तो त्यांच्याच गळ्याशी आला होता. पकड होती त्याहून वाढली होती. आता सासूबाईंना खाली आणायचा एकच सरळ मार्ग होता, मोटर थंड होऊ द्यायची आणि फाळक्यावर वजन वाढवायचं. किती वाढवायचं हे ठरवायला आधीचं कळायला हवं.

शिंप्याची शिडी लावून काका वर चढले. त्यांचं तोंड कठड्यापाशी, सासूबाईंच्या गुडघ्यांच्या पातळीला आलं. गल्लीने कान टवकारले.

"आई," काका म्हणाले, "तुमचं वजन किती?"

"चारचौघांत बाईमाणसाला वजन विचारता?"

"व्हॉल्व्ह विचारतोय, आई. मी नाही."

सासूबाईंनी इकडे तिकडे पाहिलं, वाकल्या आणि त्यांच्या कानात कुजबुजल्या.

"बेचाळीस?" काका ओरडले.

"आणखी जोरात ओरडा," सासूबाई म्हणाल्या. "कोपऱ्यावरच्या दुकानात ऐकू गेलं नसेल."

पण काकांचं लक्षच नव्हतं. ते त्यांच्याकडे बघत राहिले. शालीतून बाहेर आलेलं मनगट, कठड्यावर घट्ट मिटलेली बोटं. या बाईंनी घर हलवलं होतं, मीटरवाल्याला पळवलं होतं, आपल्याला इतकी वर्षं सळो की पळो करून सोडलं होतं, आणि त्या एवढ्याशा होत्या. हे आधी कधी झालं? आपल्या डोळ्यांदेखत झालं आणि आपल्याला दिसलं कसं नाही? काकांना एकदम भरून आलं.

"तुम्ही किती धरलं होतं?" सासूबाईंनी विचारलं.

काकांनी खाली बघत सांगितलं, "तिप्पट."

सासूबाईंचे खांदे हलायला लागले. काकांना वाटलं रडतायत, त्यांनी घाईघाईने रुमाल काढला. तो तेलाने बरबटलेला होता. पण सासूबाई हसत होत्या. तोंडावर शाल धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.

"एवढी जड समजत होतात मला?"

"जड नाही हो," काका कसंनुसं म्हणाले. "भारी."

हसू ओसरलं तशी त्यांनी चष्मा काढला आणि शालीच्या टोकाने पुसला. "खरं सांगा, जावईबापू. मी गेले की हलकं वाटेल ना तुम्हाला?"

काका शिडीवर उभे होते, खाली मेहुणा, शिंपी आणि निम्मी गल्ली उभी होती, आणि ओरडायची सोय नव्हती, कारण वाकलेल्या सासूबाईंचा कान वीतभर अंतरावर होता. जन्मात पहिल्यांदा काकांना हळू आवाजात बोलावं लागलं.

"घर खायला उठेल मला," ते म्हणाले. "तुमची लेक काही बोलत नाही. पोरगी गेली. कारखान्यात सगळे हो ला हो म्हणतात. मी भांडू कुणाशी? त्या दिवशी तुम्ही नुसतं 'असेल' म्हणालात, तेव्हापासून चहा गोड लागत नाही मला. म्हणजे गोड लागतो, पण... जाऊ नका, आई."

सासूबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कठड्याची कडी सरकवून फाटक उघडलं. "असे लोंबकळू नका," त्या म्हणाल्या. "पडाल. आत या."

काका आत गेले. काकांचं पोट हे मोठ्या कामाचं पोट होतं, तरी हिशेब पुरा होईना. त्यांनी वाकून मेहुण्याला हाक मारली. "चढ वर."

"मी? मी कशाला?"

"तू सोडलायस, तूच वजन घाल. चढ."

मेहुणा एकेका पायरीवर थांबत, खाली न बघता शिडी चढला आणि आईच्या खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. मोटर थंड झाली होती. काकूने गॅलरीतून विचारलं, "दाबू?" आणि उत्तराची वाट न बघता दाबलं. लिफ्ट क्षणभर अडली, मग अशी अलगद उतरू लागली की सासूबाईंची शालही हलली नाही. 'उत्तम शिलाई' हळूच वर गेलं, दुकानाची चौकट आली, मशीन आलं, उंबरा आला, आणि फाळका जमिनीला टेकला.

शिंप्याने स्टूल आणून ठेवलं. सासूबाई त्याच्यावर बसल्या. कितीतरी महिन्यांनी त्यांचे पाय गल्लीच्या फरशीवर टेकले होते. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, नाकाने हवा ओढली आणि मास्टरच्या हातातला सदरा जवळ घेऊन काजं तपासली. त्याबद्दल मात्र काही बोलल्या नाहीत.

मेहुण्याने घाम पुसला. "आई, मला वाईट वाटतं, पण ही लिफ्ट चालली असं काही म्हणता येणार नाही. तुला खाली आणायला तीन माणसांचं वजन लागलं. ठरल्याप्रमाणे..."

सगळे काकांकडे बघू लागले. आता काका कसे उसळतात ते बघायला गल्ली सावरून उभी राहिली. काका उसळले नाहीत.

"बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले. "नाही चालली. चूक माझीच. वजन न विचारता पकड लावली मी. व्हॉल्व्हची काही चूक नाही, त्याने सांगितलं तसं धरलं." ते थांबले. पण काम सांगायची सवय अंगात मुरलेली. "आता फाळका खाली टेकलाय, तर मी लगेच नीट करतो. म्हणजे, तुम्ही गेलात तरी करून ठेवतो. बेचाळीस, खुर्ची, फाळका, आणि वर तिसरा हिस्सा. मग कधी आलात तर एकट्या वर-खाली कराल. कुणाची गरज नाही लागायची."

"बेचाळीसवर?" सासूबाई म्हणाल्या.

"हो. तुम्हीच सांगितलंत ना?"

"बेचाळीसवर मुळीच लावायचं नाही." सासूबाईंच्या आवाजाला जुनी धार आली. शिंपी दचकला. "आज बेचाळीस आहे. उद्यापासून रोज खाली यायचं, चार माणसांत बसायचं, वर जाऊन तुमच्याशी भांडायचं. भूक लागेल मला. पंचावन्न धरा."

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी खिशातून पाना काढला, आणि तोंड उघडलं तर आवाज नेहमीचा, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"पंचावन्न? पंचावन्न धरून उपयोग काय? साठ धरतो!"

"साठ कशाला? मी काय म्हैस आहे?"

"व्हॉल्व्हमधलं तुम्हाला कळतं का मला?"

"कळतं म्हणूनच तिप्पट धरलंत वाटतं!"

वर गॅलरीत काकू भाजीची परात घेऊन बसली. मेहुण्याने एकदा आईकडे पाहिलं, एकदा भाऊजींकडे, आणि ड्रायव्हरला गाडी परत न्यायला सांगायला तो गल्लीच्या तोंडाकडे चालू लागला.